धुराड्यातलं लुगडं

अर्जुना लष्करातून सुटून उंब्रजला आला आणि आठवड्यात थोरल्या भावाचा, कृष्णातचा निरोप आला. आईच्या स्वयंपाकघरातल्या धुराड्यात लोखंडी शेगडी बसवून दे, म्हणून. थंडीत कृष्णातचा दमा उसळायचा. आता तो तिथंच दारं लावून झोपणार होता. लडाखच्या बराकींत अशा शेगड्या बसवण्यात अर्जुनाची उमेदीची वर्षं गेली होती. तो लगेच आला, आणि भावाचा राग निवळला असं कृष्णातला वाटलं.

राग कसला निवळतोय! आईला अग्नी द्यायचा मान धाकट्याचा. पण बांधावरच्या भांडणाचा डूख धरून कृष्णातनं तिच्या जाण्याची खबरसुद्धा त्याला दिली नाही. स्वतःच अग्नी देऊन मोकळा झाला. अर्जुनाला कळलं ते तेराव्यानंतर.

आता दैवानंच डाव हाती दिला होता. धुराडं आतून बंद होतं. घरात गॅस आल्यावर चूल बंद पडली, तेव्हा धुराड्यातून पाखरं शिरतात म्हणून आईनं आपलं जुनं लुगडं आत कोंबायला लावलं होतं, आणि रजेवर आलेल्या अर्जुनानंच ते वर ढकललं होतं. कृष्णातला याचा पत्ता नव्हता.

अर्जुनानं शेगडीखाली विटा मांडल्या, जवळची लाकडी फळी काढली, नळी धुराड्यात बसवून भोवतीच्या फटी लिंपल्या. काम चोख झालं. फक्त कागद पेटवून धूर वर ओढला जातो का, एवढं त्यानं पाहिलं नाही. कोंडल्या धुरानं झोपेतच गेलेले दोन जवान त्यानं स्वतः बाहेर काढले होते.

कृष्णात काडेपेटी घेऊन आला. "पेटवू का रं?"

अर्जुना व्हय म्हणणार, तोच त्याला लुगड्याचा हिरवा काठ आठवला. ठिणगी वर गेली की पहिलं तेच पेटणार. कृष्णातच्याच हातानं आई दुसऱ्यांदा जळणार. भावाची कीव त्याला तेव्हाही आली नाही, पण हे त्याला सोसवेना.

त्यानं काडेपेटी हिसकावली, नळी सोडवली आणि काजळीनं माखलेलं लुगडं ओढून काढलं. नळी पुन्हा बसवली, फटी लिंपल्या, कागद पेटवला. धूर सरळ वर गेला.

कृष्णातनं काठ ओळखला. आईची बाकीची लुगडी त्यानंच नदीला सोडली होती. डोळे पुसत तो एक तुकडा तरी दे म्हणून मागू लागला.

अर्जुनानं लुगडं काखेत मारलं आणि काडेपेटी त्याच्या हातावर ठेवली.

"अग्नी तू दिलास," तो म्हणाला. "हे माझं हाय."