प्रत्येकाच्या वाट्याला तेराशे पंधरा

गणिताच्या परीक्षेत जिल्ह्यात तिसरी आल्यापासून शिवलीलाला गप्प बसणं जमेनासं झालं होतं. नववीपर्यंत शेवटच्या बाकावर बसून उत्तर वहीतच दडवणारी ही पोरगी आता राजेश्वरी मॅडमचा प्रश्न संपायच्या आत हात वर करायची. घरात तर विचारूच नका. भवानी पेठेत त्यांचं दोरे, गुंड्या, चेन, लेस यांचं दुकान. गिऱ्हाइकानं 'किती झाले?' म्हणेपर्यंत हिचा आकडा तयार. तिचे अप्पा, शिवानंद, गल्ल्यावर बसून हसायचे. आमचं कॅल्क्युलेटर शाळेला जातंय, म्हणायचे.

दुकानामागच्या खोलीत तिची आई, अव्वा, शाळांच्या गणवेशाच्या कडा ओव्हरलॉक मशीनवर मारायची. कड मारली नाही तर कापड सुटत जातं, धागा धागा. त्या मशीनची घरघर थांबली की शिवलीलाला वाटायचं, कुणीतरी बोलता बोलता गप्प झालं.

अप्पांचं नाव दुकानापेक्षा भिशीमुळं मोठं होतं. बावीस वर्षं गल्लीची भिशी त्यांच्याकडे. वीस घरं महिनाभर सवडीनं दोन-दोन हजार आणून द्यायची, ते स्टीलच्या डब्यात पडायचे, आणि दहा तारखेला चिठ्ठी निघायची. ज्याची चिठ्ठी, त्याला सगळी रक्कम. कुणाची पाळी आधी, कुणाची मागून, पण येणार म्हणजे येणार. कागद कधी झाला नाही. शिवानंदअण्णांचा शब्द हाच कागद.

दुपारी दुकान सुनं असायचं, तेव्हा अप्पा मोबाइलवर पोकर खेळायला लागले. आधी खोट्या पैशांचं, मग दहा-वीस रुपयांचं. एका रविवारी शिवलीला त्यांच्या खांद्यावरून डोकावली आणि तिचे डोळे चमकले. स्पर्धा होती पाच लाखांच्या बक्षिसाची, हमी दिलेली. प्रवेश हजार रुपये. प्रवेश बंद व्हायला दहा मिनिटं, आणि नावं फक्त तीनशे ऐंशी. म्हणजे जमले तीन लाख ऐंशी हजार. मग वरचे एक लाख वीस हजार कोण घालणार? खेळ चालवणारी कंपनीच, स्वतःच्या पदरचे. हमी तिची ना.

याला ओव्हरले म्हणतात, हेही तिनं लगेच शोधून मोठ्यानं वाचलं. आतून मशीन थांबलं.

"ओव्हरलॉकला काय झालं गं?"

बापलेक इतके हसले, की अप्पांना ठसका लागला. मग शिवलीलानं पाच लाखांना तीनशे ऐंशीनं भागलं आणि ऐटीत सांगितलं, "हजार घालायचे, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तेराशे पंधरा येतात, अप्पा."

सरासरी हा शब्द तिला येत होता. पण तो शाळेतला होता. वाट्याला कसं, दुकानात शोभणारं.

"वाट्याला?" अप्पांनी विचारलं.

"वाट्याला."

अप्पांनी नाव घातलं. तासाभरात ते दोनशे बाराव्या नंबरावर बाद झाले आणि हातात भोपळा आला. माझे तेराशे पंधरा कुठायत, म्हणून त्यांनी खरंच विचारलं. शिवलीला हसत सुटली. बक्षीस पहिल्या पंचेचाळीस जणांनाच असतं, तेराशे पंधरा ही नुसती सरासरी, असं तिनं समजावलं. अप्पा व्हय व्हय म्हणाले. पण बावीस वर्षांची भिशी एका भागाकारानं पुसली जात नाही.

"हमी हाय म्हणल्यावर पाळी येनारच की," ते स्वतःशीच म्हणाले.

ते तिनं ऐकलं होतं. तरी दर रविवारी अप्पा 'लीला, आज वाट्याला किती?' असं विचारायचे, तेव्हा तिला जे काही वाटायचं, त्यापुढं जिल्ह्यातला तिसरा नंबर फिका होता. बाराशे चाळीस, ती सांगायची. पुढच्या रविवारी अकराशे. आकडा उतरतोय हे तिला दिसत होतं. वरचा पैसा बघून लोक येत होते आणि येणारा प्रत्येक जण तोच पैसा खात होता. बाद झाले की पुन्हा हजार घालून बसणारे अप्पाही.

एका रविवारी नावं पाचशेच्या वर गेली. हजाराला हजारच. आज काही नाही अप्पा, ती म्हणाली. अप्पा म्हणाले, इतके महिने घातलेत, आता आपलीच पाळी जवळ आली असेल. भिशीत तसंच असतं, ज्यानं जास्त वाट पाहिली तो चिठ्ठीच्या जवळ. पत्त्यांना कुणाचीच पाळी ठाऊक नसते, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर सराव परीक्षेचा पेपर होता. बघा तुमचं तुमी, एवढं म्हणून तिनं मान खाली घातली.

आठ तारखेला, दुपारची जेवणं झाल्यावर, अप्पा भिशीचा डबा घेऊन मागच्या खोलीत गेले. शिवलीला गल्ल्यावर होती. मशीन थांबलं. या घरात रोजचं बोलणं मराठीत आणि दुखणं कन्नडमध्ये व्हायचं.

"एष्टु?" अव्वानं विचारलं. किती?

"हदिनारु साविर." सोळा हजार.

थोड्या वेळानं मशीन सुरू झालं आणि दिवेलागणीपर्यंत थांबलं नाही. हाती घेतलेले सगळे गणवेश अव्वानं पुरे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस टेम्पो घेऊन आला. अव्वानं मशीनमधले दोरे काढले, ब्रशनं कापडाची लव झाडली, आणि तेलाची बाटली घेऊन एकेका भोकात थेंब थेंब तेल सोडलं. माणूस म्हणाला, आमी घालतो की तितं. अव्वा म्हणाली, कोरडं देऊ नये. सोळा हजार त्यानं तिच्याच हातात दिले, तिनं ते डब्यात ठेवले.

शिवलीला दारात उभी होती. जमले कमी, हमी आपली, वरचे घरच्यांनी पदरचे घातले. त्या दिवशी ज्या शब्दावर बापलेक ठसका लागेपर्यंत हसले होते, तो शब्द टेम्पोतून चालला होता.

दहा तारखेला चिठ्ठी निघाली ती चहावाल्या चन्नप्पाची. गावाकडच्या, मैंदर्गीच्या घराला त्याला दारं-खिडक्या बसवायच्या होत्या. त्यानं कधी पैसे मोजले नव्हते, आजही मोजले नाहीत. पण मशीन गेलेलं सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. पैसे पिशवीत घालून तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

"अण्णा, फुडच्या म्हैन्यापासनं डबा पलीकडल्या केराबाईकडं ठेवू की. तुमालाबी जरा इसावा."

इतक्या मऊ आवाजात, की बाहेरच्याला वाटावं, मानच देतोय.

"व्हय. न्या की," अप्पा म्हणाले. डब्याचं झाकण त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि उरलेल्या चिठ्ठ्यांसकट तो स्वतःच उचलून दिला.

सगळे गेल्यावर शिवलीला त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी सरासरी म्हणायला हवं होतं, अप्पा, मी वाट्याला म्हणाले, असं ती म्हणाली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गणित तुजं बरोबर हुतं गं. मी ते भिशीवाल्याच्या कानानं ऐकलं."

त्यानंतर तो मोबाइल कपाटावर पडून राहिला आणि वाट्याला किती, हे त्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. अव्वा आता सकाळी आठला दुसऱ्याच्या कारखान्यात ओव्हरलॉकवर बसायला जाते. मागच्या खोलीत मशीन होतं तेवढी फरशी अजून वेगळ्या रंगाची दिसते.

परवा वर्गात राजेश्वरी मॅडमनी सरासरीचं गणित घातलं. उत्तर शिवलीलाला केव्हाच आलं होतं. पण तिच्या गणवेशाची कड कालपासून उसवली होती, धागा सुटत चालला होता, आणि ती दुमडून तिनं मुठीत धरली होती. मॅडमनी दोनदा तिच्याकडे पाहिलं. तिचा हात तिथंच राहिला.