महिन्याचा शेवटचा गुरुवार

सिनेमा संपला आणि बाल्टिमोरचं ते अख्खं थिएटर डोळे पुसू लागलं. व्हॅश्टी पर्नेलला त्या रुमालांची कीव आली. पडद्यावर काळी आणि गोरी पोरं टीव्हीच्या स्टुडिओत हातात हात घालून नाचली होती. आणि हा चमत्कार घडवला कोणी, तर एका गुबगुबीत, सोनेरी केसांच्या पोरीने!

ज्याने ते खरोखर केलं होतं, तो व्हॅश्टीच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. तिचा थोरला भाऊ, लेम्युएल. पंचवीस वर्षांपूर्वी, सिनेमा ज्यावर बेतला होता त्या टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात रोज गोरी पोरं नाचायची. काळ्या पोरांच्या वाट्याला महिन्याचा शेवटचा गुरुवार. आम्ही गुरुवारी नाचलेला नवा नाच मात्र शुक्रवारी गोऱ्यांच्या पायांत. एका मंगळवारी लेम्युएल सरळ जाऊन त्यांच्यात नाचला. त्याला ओढून बाहेर काढलं, आणि सगळ्यांना एकत्र नाचू देण्यापेक्षा टीव्हीवाल्यांनी कार्यक्रमच बंद करून टाकला. वर आपल्याच गल्लीने त्याला फैलावर घेतलं, तुझ्यापायी होता तो गुरुवारही गेला म्हणून. त्यानंतर तो कधी नाचला नाही. आज निदान कोणी त्याचं नाव घ्यावं, एवढ्यासाठी व्हॅश्टीने त्याला ओढून आणलं होतं.

मागच्या रांगेतली डॉटी, त्या कार्यक्रमात रोज नाचणारी गोरी बाई, व्हॅश्टीच्या गळ्यात पडली. "अगं, आठवतं ना, आपण कसे एकत्र नाचायचो!"

"आपण? बाई, सिनेमा आत्ता संपला. इतक्यात तुमच्या आठवणीतही शिरला?"

डॉटी गोड हसली. पालथ्या घड्यावर पाणी. आज जो तो म्हणत होता, आम्ही तेव्हा तुमच्याच बाजूचे. मग लेम्युएलची कॉलर धरणारे हात कोणाचे होते, देव जाणे.

सिनेमाच्या दिग्दर्शकाने त्या गुरुवारी नाचणाऱ्यांपैकी एक म्हणून व्हॅश्टीला मंचावर बोलावलं. "सांगा ना मॅडम, अगदी असंच होतं ना?"

"काहीच्या काही!" तिने माईक हातात घेतला. "असली कुठली पोरगी नव्हतीच. ते केलं माझ्या भावाने. लेम, ऊठ. बघू दे यांना."

आणि, हद्द झाली, टाळ्या! या लोकांना काहीही दिलं तरी गोडच लागतं. मंचावरच्या बँडने सिनेमातलंच गाणं धरलं. डॉटीने लेम्युएलपुढे हात केला. "चला, आमच्याबरोबर नाचा!"

लेम्युएलने उठून सावकाश कोटाची बटणं लावली. "आज वार कोणता?"

"शनिवार!" डॉटी लाडात म्हणाली.

"मग नाही जमायचं, बाई. आमचा गुरुवार असतो. महिन्याचा शेवटचा."

तो दाराकडे निघाला. व्हॅश्टीने माईक दिग्दर्शकाच्या हातात कोंबला आणि त्याच्या मागे चालू लागली. दाराबाहेर पडेपर्यंत टाळ्या चालूच होत्या. लोकांना तो विनोद वाटला होता.