खिडकीतल्या पेल्यातला मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे. मित्रांनो, माझी काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे आणि बोलता बोलता मी मध्येच बंद पडतो. तसे झाले तर रागावू नका. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या मुली माझ्या हजारो भावंडांना काचा बसवत होत्या. या घरातली मुलगी विद्यापीठात जायला निघाली त्या आठवड्यात तिच्या बाबांनी मला दुकानातून आणले. ती रसायनशास्त्र शिकली. मी तिच्या परीक्षानळ्यांचे फोटो काढले, फळा टिपला, मैत्रिणींची भांडणे पोचवली. "तुझा फोन घोडा आहे गं, दमतच नाही," असे सगळ्याजणी म्हणत. मग निरोप समारंभ झाला. त्या दिवशी इतके फोटो निघाले की माझे पोट गच्च भरले आणि मी

मी एक जुना मोबाइल आहे.

निरोपानंतर मैत्रिणींचा ग्रुप गप्प होत गेला. आधी जिला नोकरी लागली तिचे सगळ्यांनी अभिनंदन केले. नंतर जिला लागली तिने सांगायचेच टाळले. मुलगी घरी परतली. सकाळी अर्ज, दुपारी अर्ज. "कळवतो" हा शब्द मी किती वेगवेगळ्या आवाजांत ऐकला.

या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. मुलीने मला तिथे स्टीलच्या पेल्यात उभे केले. पेल्यात घंटी मोठी वाजते. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतली तिची मुलाखत चांगली झाली होती. तिथल्या बाई "फोन करू" म्हणाल्या होत्या. त्या फोनसाठी घरात मिक्सरसुद्धा विचारून लावला जाई.

"हा पेला आता पुसायचा की पुजायचा?" आई म्हणे.

बाबांची अडचण वेगळीच होती. आत्या, काका, शेजारी, जो तो त्यांना विचारी, "मुलगी काय करते सध्या?" एकदा बाबा म्हणून गेले, "लागली की नोकरी." मग तेच तोंडात बसले. मुलीला हे माहीत होते. ती काही बोलली नव्हती.

आज दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि मी वाजलो. नंबर अनोळखी होता. बाबांनी मला पेल्यातून काढले.

"हॅलो, मॅडम आहेत का घरात? सध्या कुठे नोकरीला आहेत का त्या?"

"आहे तर," बाबा लगेच म्हणाले. "महिना झाला. चांगली जागा आहे, तुम्ही नका काळजी करू."

"अरे वा. मग राहू दे. प्रयोगशाळेतून बोलतेय मी. आमच्याकडे जागा होती त्यांच्यासाठी. आता पुढच्या उमेदवाराला बोलावतो."

फोन बंद झाला. बाबांनी मला कानापासून काढलेच नाही.

मुलगी रिकामी बादली घेऊन आली. "कुणाचा होता?"

आईने गॅस बंद केला. "सांगा तिला."

बाबांनी सगळे सांगितले. "मला वाटलं, तुझी आत्याच कुणाकरवी चौकशी करतेय."

मुलगी बादलीची कडी वरखाली करत राहिली. "आता मी काय सांगू त्यांना? माझे वडील खोटं बोलतात?"

"म्हातारा खुळा आहे म्हण."

"तुम्ही म्हातारे नाही आहात," ती म्हणाली आणि तिने मला हातात घेतले. तोच नंबर लावला आणि नेमका तेव्हाच मी

मी एक जुना मोबाइल आहे.

मित्रांनो, सुरू व्हायला मला वेळ लागतो. तोवर माझी काच काळी असते आणि तिच्यात समोरच्यांचे चेहरे दिसतात. आज तिघांचे दिसले. कुणीच मला आपटले नाही.

तिने पुन्हा तोच नंबर लावला. घंटी गेली. बाईंनी फोन उचलला. मुलगी खिडकीचा गज धरून, बाबांकडे पाठ करून म्हणाली, "मॅडम, मला नोकरी लागलेली नाही. कुठेच नाही. घरून चुकून तसं सांगितलं गेलं."

हे वाक्य या घरात आजवर कुणी मोठ्याने उच्चारले नव्हते.

"असं? पण मी आत्ताच दुसरीला... थांबा हं, विचारते."

आता पलीकडे एक धून वाजते आहे. मुलगी मला कानाशी धरून खिडकीला चिकटून उभी आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना मोबाइल असेल. त्याला उन्हात टाकू नका, त्याची तडकलेली काच वेळेवर बदला, असे मी शेवटी सांगणार होतो. ते पुन्हा कधीतरी. रेंजची एकच काडी उरली आहे. तेवढी धून थांबेपर्यंत मला इथून कुणी हलवू नका.