धुपाटण्यावरचं भविष्य

मुरुडच्या बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. ज्याच्या त्याच्या काखेत दवाखान्याचा मोठा लिफाफा, आत स्कॅनचे फोटो. कॅन्सरचं ऑपरेशन झालेली माणसं एकच विचारायला येत, रोग गेला की परत येणार? मखमली गादीवरचे एक्सरे महाराज फोटो धुपाटण्यावर धरत. तो स्वच्छ राहिला तर माणूस जगणार, काळा पडला तर ऑपरेशन वाया.

"डागदराची मशीन कातडं बघती, आमची देवीआई करम बघती," असं महाराज घोगऱ्या आवाजात सांगत आणि शिकलेसवरलेलेसुद्धा माना डोलवत. रांगेत उभा दयानंद ते बघत होता. तो हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, आणि त्याची स्वतःची आई, कस्तुराबाई, मागच्या मंगळवारी शेजारणीबरोबर गुपचूप इथे येऊन गेली होती.

लातूरला तिचा एक स्तन काढला होता. नंतरचं स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की फोटोत आता गाठ नाही, पण न दिसणारं काही उरलं असेल म्हणून किरणोपचार घ्या, म्हणजे परत उद्भवण्याची शक्यता बरीच कमी होईल. हा अंदाज आहे, खात्री नव्हे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. महाराजांना अंदाजाची गरजच पडली नाही. फोटो काळा झाला. त्यांनी अंगाऱ्याची पुडी दिली आणि किरणं घेतलीस तर देवीआई कोपेल असं बजावलं.

"लई झालं, बाबा. न्हाई जायचं मला लातूरला," कस्तुराबाई म्हणाली. "मरायचंच हाय तर घरात मरते."

दयानंदने तो फोटो निरखला. निखाऱ्यावर जिथे धरला होता तेवढाच भाग काळा होता. गाडीच्या तापलेल्या इंजिनावर राहिलेलं एसटीचं तिकीट असंच काळं पडलेलं त्याने पाहिलं होतं. लातूरच्या स्कॅन सेंटरला फोन करून त्याने खात्री करून घेतली आणि आज आईला घेऊनच तो शेडमध्ये आला.

पाळी आल्यावर त्याने लिफाफा उघडलाच नाही. खिशातलं एसटीचं तिकीट काढून धुपाटण्यावर उंच धरलं. ते पांढरंच राहिलं. मग हात खाली आणला. तिकीट काळं पडलं.

"महाराज, एसटीलाबी कॅन्सर झाला का?"

महाराजांचा चेहरा उतरला. अश्रद्ध हात लागला की असंच होतं, असं पुटपुटत त्यांनी शेजारी उभ्या शिवमूर्तीला या माणसाला बाहेर काढायला सांगितलं. शिवमूर्ती म्हणजे त्यांचा पट्टशिष्य, डाळ मिलचा मालक. त्याच्या बायकोचा फोटो काळा पडला होता. तिने औषधं सोडली, काही महिन्यांत गेली, आणि महाराजांचा शब्द खरा झाला म्हणून हाच गावोगाव सांगत सुटला होता. आज निम्मी गर्दी त्याच्या सांगण्यावरून आलेली होती.

शिवमूर्ती पुढे आला, पण त्याने दयानंदच्या हातातलं तिकीट घेतलं. त्याची कोरी कड स्वतः निखाऱ्याजवळ नेली. तीही काळी झाली.

"मास्तर," तो म्हणाला, "आमच्या कमलम्माचा फोटो?"

"तोबी असाच, अण्णा. हे फोटो उष्णतेनंच छापतेत, म्हणून उष्णतेनं काळे पडतेत. हात वर धरला की जगणार म्हणायचं, खाली धरला की मरणार."

"म्हंजे ती औषध सोडल्यानं गेली. अन् मी ढोल वाजवत फिरलो."

शिवमूर्ती तिथेच खाली बसला. दयानंदला त्या गादीची, त्या धुराची, त्या घोगऱ्या आवाजाची किळस आली. माणसाला औषध सोडायला लावायचं आणि तो मेला की त्याच्या मरणालाच पुरावा करायचा, याहून हलकट धंदा कुठला असेल? महाराज मागच्या दाराकडे सरकत होते; लोकांनी ते दार धरून ठेवलं आणि पोलिसांना फोन लावला.

दयानंद लोकांकडे वळला. निखाऱ्याला फक्त तापवता येतं, तो म्हणाला, शरीरात काय चाललंय ते त्याला कळत नाही. फोटो वाचायचा असेल तर तो वाचायला शिकलेल्या माणसाला दाखवा. त्याचाही अंदाज चुकू शकतो, पण तो कशावरून बांधला हे त्याला विचारता येतं. जो विचारू देत नाही, त्याच्या हाती जीव देऊ नका.

कस्तुराबाईने कमरेची अंगाऱ्याची पुडी सोडून शिवमूर्तीच्या पुढ्यातल्या निखाऱ्यांवर रिकामी केली.

"चल बाबा," ती म्हणाली. "लातूरची गाडी हाय का आता?"