दाराकडे पाठ

"कुंकू थोडं पुसावं लागंल, मावशी. मशीनची मधली चकती तिथंच बसती," दवाखान्यातला त्रिंबक म्हणाला.

साळूबाईने कपाळावर तळहात ठेवला. "न्हाई दादा. ते न्हाई पुसायचं."

"आक्का, घरी जाऊन लाव की परत," सोबत आलेली धाकटी बहीण झुंबरबाई म्हणाली. मग त्रिंबककडे वळली. "दाजी मेंढरं घेऊन गंगाथडीला, नदीकाठी चारायला गेल्ते. सोबतच्यांनी मेंढरं आणून दिली, दाजी न्हाई आले. बरीच वर्षं झाली. लोकं म्हणतेत, पूस आता. म्हणून कुनाला हात लावू देईना."

त्रिंबकने वाद घातला नाही. मस्तगड भागातल्या या दवाखान्यात बायोफीडबॅकचं यंत्र आल्यावर पुस्तक वाचून तो ते शिकला होता, आणि आपल्याला नीट समजलंय याची त्याला अजून खात्री नव्हती. चकत्या त्याने मानेखाली, खांद्यांवर चिकटवल्या आणि बटण दाबलं, तसं यंत्र किरकिरायला लागलं.

"शिरा आवळल्या की हे वाजतं. सैल सोडल्या की आवाज उतरतो. मशीन स्वतः काही करत न्हाई, फक्त ऐकवतं. उतरवायचं तुम्ही. मानेला सवय लागली की डोकं दुखायचं कमी होईल."

"मंजे हा माझा आवाज हाय?"

"तुमचाच."

"घरात तोंडातून शब्द काढत न्हाई," झुंबरबाई म्हणाली, "अन् इथं बघा कशी केकाटून राह्यली."

साळूबाई हसली. आवाज जरासा उतरला. डोळे मिटून ती खांदे सोडत गेली, तसा तो माशीच्या गुणगुणीएवढा झाला. तेवढ्यात पाठीमागे दार करकरलं आणि यंत्र एकदम चढलं. तिने मान वळवली नव्हती, डोळेही उघडले नव्हते. आलेला माणूस औषध घेऊन गेला. आवाज हळूहळू उतरला. पुन्हा उंबऱ्यात पाऊल वाजलं, पुन्हा चढला.

झुंबरबाईची थट्टा थांबली.

"दार लावून घेतो," त्रिंबक उठत म्हणाला. "रोज बंद ठेवू. मंग जल्दी जमंल."

"अन् डोकं?" झुंबरबाईने विचारलं.

"बरंच हलकं होईल."

बहिणीने साळूबाईच्या पाठीवर हात ठेवला. "लावू दे, आक्का. भिंतीला डोकं टेकून बसती नुसती. किती दिवस गोळ्या खाशील?"

"दुखू दे." मग ती त्रिंबकला म्हणाली, "तुम्हाला तरास होऊन राह्यला, दादा. पण दार नका लावू. खुर्ची तेवढी तिकडं फिरवून द्या."

तारा सांभाळत त्याने खुर्ची दाराकडे फिरवली. रस्त्यावर दुपारची माणसं येत-जात होती. साळूबाई एकेक चेहरा पाहत बसली. आवाज उतरला नाही. त्रिंबकने बटण पिरगळून तो तिला ऐकू येणार नाही इतका बारीक केला.