आवाज न लावता

“बटण. बटण. बटण,” वहिनींचा फोन बोलत होता.

“बघा भाऊजी! कसलं बटण, ते मेलं सांगतच नाही. आठ दिवस हेच चाललंय.”

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. इस्पितळाचा हा फॉर्म त्याच्याच कंपनीने केला होता. वेबसाइट लोकांना वापरता येते की नाही हे बघणं, हे त्याचं अठरा वर्षांचं काम. वहिनींसारख्या दिसत नसलेल्यांना फोन वाचून दाखवतो, तेव्हा प्रत्येक बटणाने आपलं नाव सांगायला हवं; ते ऐकून बघणंही त्याच्याचकडे होतं. पण तपासणी होती त्या शुक्रवारी त्याला घरी जायची घाई होती. आवाज न लावताच त्याने एकोणचाळीस रकान्यांत लिहून टाकलं: तपासले.

“मग भरला कसा?”

“शेजारीण म्हणाली, मी भरते. तिच्याकडे पाहुणे बसलेले. ती मोठ्याने वाचणार, मी सांगणार. लघवीवर ताबा राहतो का? कपडे बदलावे लागतात का?” वहिनी हसायला गेल्या, पण हसू आलं नाही. “कोणीतरी उठून गेलं. मग मीच म्हटलं, राहू दे गं, मला काही त्रास नाही.”

त्याची मान वर होईना. आई गेल्यावर याच वहिनींनी त्याला वाढवलं. सात वर्षांचा होईपर्यंत तो अंथरूण ओलं करायचा. दादाला जाग यायच्या आत वहिनी चादर बदलून टाकत. त्याबद्दल त्यांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता.

“वहिनी, ते तपासायचं काम माझं होतं. मी तपासलंच नाही. खोटं लिहिलं.”

वहिनींनी फोन मांडीवर पालथा घातला.

“आणि मी सगळ्यांना सांगत फिरते,” त्या हळूच म्हणाल्या, “आमच्या भाऊजींचं काम म्हणजे चोख.”

सकाळी तो साहेबांपुढे उभा राहिला.

“अहो, पण तक्रार कुठे आलीय कोणाची?”

“येईल कशी साहेब? तक्रारीचंही बटणच आहे.”

अहवालावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, की हे न तपासता तपासले असे मी लिहिले होते. पुढच्या कामातून साहेबांनी त्याचं नाव काढलं. दुरुस्त झालेला फॉर्म त्याने डोळे मिटून, पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत दोनदा ऐकला.

रविवारी तो वहिनींकडे गेला. वहिनी फॉर्म पुन्हा भरायला बसल्या; फोन आता नीट बोलत होता. नाव. वय. पत्ता. वहिनींचं बोट सावकाश पुढे सरकत होतं. सवयीने तो स्क्रीनवर वाकला.

बोट थांबलं.

“भाऊजी, तुम्ही जरा बाहेर थांबता?”

“हो, हो.”

त्याने दार ओढून घेतलं. फोनचा आवाज दारातूनही ऐकू येत होता. तेव्हा तो जिना उतरून खाली गेला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला.