मुळाबाहेरची यादी

मी एक प्रोग्रॅम बोलतोय. हाडामांसाचा नाही, लोखंडाचाही नाही; कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा सूचनांचा एक गठ्ठा. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात बेंबळीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यानं गुरांची छावणी काढली, तेव्हा माझा जन्म झाला. माणसाचं नाव टाइप केलं की ते छावणीच्या यादीत आहे की नाही आणि असलं तर जनावरं किती, एवढं मी सांगायचं; कमी करा म्हटलं की नाव पुसायचं.

मला लिहिलं पंचाक्षरीनं. सोलापूरला शिकून आलेला, घरी कन्नड बोलणारा, अबोल माणूस. पहिले चार दिवस मी मोकळा होतो. युनिक्सच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या फाइली एकाच मुळातून फुटतात, त्याला रूट म्हणतात. मुळाशी गेलं की साऱ्या फांद्या दिसतात. मलाही दिसायच्या: उसाची वजनं, सभासदांची नावं, संचालकांची पत्रं.

तेच संचालकांना खुपलं. छावणीच्या नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनाचा हात भलत्या फाइलीत जायला नको, असं त्यांनी बजावलं. मग पंचाक्षरीनं एक कोरी डिरेक्टरी, म्हणजे फाइली ठेवायचा कप्पा, केली, मला लागणारं सामान आणि यादीची एक नक्कल तिच्यात ठेवली आणि एक हुकूम दिला. तेवढी डिरेक्टरी हेच माझं मूळ झालं. मी वर जाऊन पाहिलं, तर वर म्हणजे तीच जागा. भिंत लागली असती तर पलीकडे काही आहे हे तरी कळलं असतं. मी विहिरीतला बेडूक झालो आणि तिलाच जग म्हणू लागलो.

खिडकीवर नानासाहेब बसत, कारखान्याचे जुने कारकून. पूर्वी वहीत नाव सापडलं नाही की ते तलाठ्याकडे माणूस धाडत. मी आलो आणि त्यांनी वही कपाटात टाकली.

पंधरा दिवसांनी सरुबाई आली. साठीची, एकटी बाई. बाळी नावाची गाय तिनं बाहेर लिंबाला बांधली होती. नानासाहेबांनी नाव टाइप केलं. मी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि सांगितलं: नाव नाही.

"साहेब, परत एकदा बघा की. तलाठ्यानं माझ्यादेखत लिवलंय."

"कॉम्प्युटर न्हाय म्हणतोय, सरुबाई. मशीन खोटं बोलतं व्हय?"

मी खोटं बोललो नव्हतो. तलाठ्याची पुरवणी यादी आली होती, पंचाक्षरीनं ती बाहेरच्या मोठ्या यादीत घातलीही होती. माझ्याजवळची नक्कल मात्र पहिल्या दिवसाचीच राहिली. ती बदलायची तो विसरला आणि प्रशिक्षणासाठी पुण्याला गेला. हे मला फार उशिरा, त्याच्याच तोंडून कळलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. इथं आडात होतं आणि पोहरा रोज रिकामा वर येत होता.

तिसऱ्या खेपेला सरुबाई गायीशिवाय आली. बाळीला आता उठवत नव्हतं. "वाढ्याची एक पेंढी तरी द्या, साहेब." वाढं म्हणजे उसाचे शेंडे, छावणीत त्यांचे ढीग पडले होते. नावाबिगर पेंढी देता येत न्हाय, असं नानासाहेब म्हणाले. तरी त्यांनी तिचं नाव तीनदा टाइप केलं. मी तीनदा नाही म्हणालो, तेवढ्याच ठामपणे. त्या ठामपणाची मला आज किळस येते.

सरुबाई पहिल्यांदा आली त्याच्या बाराव्या दिवशी पंचाक्षरी परतला आणि त्यानं नवी नक्कल माझ्याजवळ ठेवली. त्याच दुपारी सरुबाई आली. नानासाहेबांनी सवयीनं नाव टाइप केलं. नाव आहे, मी म्हणालो. जनावर एक.

"सरुबाई, निघालं की नाव. आणा गाय."

तिनं पिशवीतून दावं काढून खिडकीत ठेवलं. "गाय परवा गेली. दावं नवं हाय, कुणाच्या तरी गुराला होईल म्हणून आणलंय."

पंचाक्षरी जागेवरून उठला. "आजी, यादी जुनी राहिली. चूक माझी हाय."

जुनी यादी कुठली नि नवी कुठली, यातलं तिला काही उमगलं नाही. "आसूंद्या. माझं नाव तेवढं कमी करा. त्या पेंढ्या दुसऱ्याच्या जनावराला जातील."

नानासाहेबांनी नाव कमी केलं. मी ते माझ्या नकलेतून पुसलं. त्यापलीकडे माझा हात पोचत नाही.

वाचकहो, माझ्यासारखा कुणी 'नाही' म्हणाला तर तेवढ्यावर कुणाला दारातून परत पाठवू नका. मला माझ्या मुळापलीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हेही मला कळत नाही. बाहेर कुणाला तरी विचारा.

पुन्हा चूक नको म्हणून पंचाक्षरीनं आता रोज सकाळी बाहेरची यादी माझ्या यादीवर उतरवायची सोय केली आहे. बाहेरच्या यादीतलं ते नाव कुणी काढलेलं नाही. पंचाक्षरीला एक शब्द सांगितला तर निघेल, पण नानासाहेब सांगत नाहीत. खिडकी उघडली की आधी ते सरुबाईचं नाव टाइप करतात. नाव आहे, मी म्हणतो, जनावर एक. ते थोडा वेळ थांबतात आणि मग पुसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळी परत यादीत असते.